डिझेल इंजिनाचं मॉडेल खेळण्यासारखं न दिसता खरं कसं वाटेल?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: एचओ स्केलचं, म्हणजे खऱ्याच्या १:८७ आकाराचं, रेल्वेचं डिझेल इंजिन डब्यातून काढल्यापासून प्लास्टिकसारखं चकचकीत दिसतं. त्यावर गंजाचे रंग दिले तर ते भंगारात टाकलेलं वाटायला लागलं. एअरब्रश (रंगाचा बारीक फवारा मारणारं साधन) नाही, आणि रंगाच्या नादात मॉडेल चालायचं बंद होईल अशी धास्ती आहे.

आधी गंजाबद्दल बोलतो, कारण गडबड तिथेच झाली आहे. रोज धावणाऱ्या डिझेल इंजिनावर गंज फार थोडा असतो. त्याचा पत्रा रंगवलेला असतो, आणि रंग खरवडला गेला तरी वर तेलाचा आणि धुळीचा थर बसतो. इंजिन जुनं दिसतं ते मुख्यतः चार गोष्टींमुळे: उन्हाने विटलेला रंग, धुराची काजळी, तेल-डिझेलचे ओघळ आणि रुळांवरून उडालेली धूळ. गंजाला हक्काच्या जागा मोजक्याच. कपलर, म्हणजे डबे जोडणारा आकडा, बहुधा रंगवलेलाच नसतो, म्हणून तो तपकिरी. धुराड्याभोवतीचा रंग उष्णतेने जळून जातो, तिथे तांबूस झाक येते. पायऱ्यांच्या कडा बुटांनी घासून उघड्या पडतात. एवढं सोडून बॉडीवर नारिंगी ठिपके दिसले की बघणाऱ्याला इंजिन वर्षानुवर्षं साइडिंगला, म्हणजे बाजूच्या रुळावर, उभं असल्यासारखं वाटतं. तुमच्या मॉडेलचं तेच झालंय. अ‍ॅक्रिलिक रंग असेल आणि फार दिवस झाले नसतील तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या इअरबडने तो बराचसा निघतो. मात्र आधी आतल्या बाजूला, न दिसणाऱ्या कोपऱ्यात घासून बघा. काही कारखान्यांचा मूळ रंग आणि छापील अक्षरंसुद्धा अल्कोहोलने सुटतात.

दुसरी गोष्ट प्रमाणाची. एचओ म्हणजे १:८७. तुमच्या ब्रशने उमटलेली एक मिलिमीटरची रेघ खऱ्या इंजिनावर जवळजवळ नऊ सेंटिमीटर रुंद होते. एन स्केलमध्ये, म्हणजे १:१६० ला, तीच रेघ सोळा सेंटिमीटरची. तळहाताएवढा रंगाचा पोपडा उडालेला खऱ्या इंजिनावर क्वचितच दिसतो, पण मॉडेलवर लोक तो सर्रास काढतात. म्हणून या आकारात ठिपके आणि ओरखडे जवळजवळ विसरायचे, आणि रंगाच्या हलक्या छटांवर काम करायचं. याच कारणाने शुद्ध काळा आणि शुद्ध पांढरा हे दोन्ही रंग बाटलीतून थेट वापरू नका. काजळीलासुद्धा गडद राखाडीत थोडा तपकिरी घातलेला रंग जास्त खरा दिसतो.

आता फोटो. "डिझेल इंजिन" असं मोघम शोधू नका. तुमच्या मॉडेलचीच जात, तीच रंगसंगती आणि शक्यतो त्याच काळातलं एकच इंजिन निवडा. जमलं तर त्याचं छप्पर दिसेल असा, पुलावरून काढलेला फोटो मिळवा. आपण मॉडेलकडे बहुतेक वेळ वरूनच बघतो. जात महत्त्वाची, कारण घाण कुठे पडणार हे पोटातलं यंत्र ठरवतं. ईएमडी या अमेरिकी कंपनीची जीपी३८ आणि जीपी४० ही दोन इंजिनं दिसायला सख्खी भावंडं, दोन्ही १९६०च्या दशकातली, दोन्हींत ६४५ मालिकेचं सोळा सिलिंडरचं यंत्र. पण जीपी३८ ला टर्बोचार्जर (धुराच्या जोरावर फिरून यंत्रात जादा हवा कोंबणारा पंखा) नाही, त्यामुळे छपरावर दोन लहान धुराडी. जीपी४० ला टर्बो आहे, म्हणून एकच मोठं धुराडं. काजळीचा डाग एकावर दोन ठिकाणी, दुसऱ्यावर एकाच जागी. अल्को या दुसऱ्या अमेरिकी कंपनीच्या २५१ यंत्राची तऱ्हा आणखी वेगळी. चालकाने थ्रॉटल उघडला की टर्बो वेग घेईपर्यंत हवा कमी पडते आणि धुराड्यातून काळ्या धुराचा लोट उठतो. अशा इंजिनाचं छप्पर सढळ हाताने काळवंडवलं तरी खोटं वाटत नाही. ईएमडीसारखं टू-स्ट्रोक यंत्र बराच वेळ नुसतं घुरघुरत उभं राहिलं तर न जळलेलं तेल धुराबरोबर बाहेर येतं, म्हणून तिथला डाग कोरडा नसून तेलकट असतो.

कामाचा पहिला टप्पा रंग विटवण्याचा. बहुतेक लोक हाच गाळतात आणि थेट घाण लावायला घेतात. मग झळझळीत नव्या रंगावर धूळ फासल्यासारखं दिसतं. बॉडी शेल, म्हणजे वरचं कवच, चेसिसवरून (खालच्या सांगाड्यावरून) उतरवा, भांड्याच्या साबणाने धुऊन पूर्ण वाळवा आणि त्यावर अ‍ॅक्रिलिक मॅट वॉर्निशचा पातळ हात द्या. स्प्रेचा डबा चालतो. निम्मं खेळणंपण इथेच जातं. यानंतर चित्रकाराचे ऑइल कलर घ्या: पांढरा, ऑकर (मातकट पिवळा), रॉ अंबर आणि बर्न्ट अंबर (दोन तपकिरी छटा) आणि काळा एवढे पुरेत. ते पुठ्ठ्यावर पिळून अर्धा तास ठेवा. पुठ्ठा तेल शोषून घेतो आणि रंग वाळल्यावर चमकत नाही. मग सुईच्या टोकाएवढे ठिपके बॉडीच्या वरच्या भागात विरळ ठेवायचे आणि व्हाइट स्पिरिटमध्ये (ऑइल कलर पातळ करायचा द्रव) बुडवून कापडावर जवळजवळ कोरडा केलेला चपटा ब्रश वरून खाली ओढत जायचं. ठिपके दिसेनासे होईपर्यंत. मागे उरतो तो फक्त एक धुरकट, असमान फिकेपणा. छपरावर ओढायचं नाही, ब्रशच्या टोकाने टिपायचं, कारण तिथे पाणी ओघळत नाही.

निळ्या आणि हिरव्या रंगावर पांढरा चांगला बसतो. लाल रंगावर नुसता पांढरा लावला तर तो खडूसारखा गुलाबी होतो. काही खरी लाल इंजिनं तशी होतातही, पण तुमच्या फोटोत तसं दिसत नसेल तर पांढऱ्यात ऑकर मिसळा. काळ्या इंजिनावर राखाडी-तपकिरी. नंबर आणि नाव छापलेलं असेल तर त्यावरूनही हलका हात फिरवा, नाहीतर बॉडी जुनी आणि अक्षरं कोरी करकरीत असं विचित्र दृश्य होतं. उलट एखाद्या इंजिनावर नंबर नव्याने रंगवल्याचा स्वच्छ चौकोन फोटोत दिसला, तर तो मुद्दाम तसाच राखावा. असल्या एका खुणेने मॉडेलला जेवढा जिवंतपणा येतो तेवढा दहा ओघळांनी येत नाही. ऑइल कलर वाळायला दिवस लागतात, घाई करू नका. त्यावर पुन्हा वॉर्निश देऊन मगच पुढे चला.

दुसरा टप्पा खाचांचा. दारांच्या फटी, बिजागऱ्या, जाळ्या, बोल्टची डोकी. इंजिन धुतलं जातं तेव्हा ब्रश सपाट बाजूंवर फिरतो, खाचांत पोचत नाही, म्हणून घाण तिथेच टिकते. बर्न्ट अंबर आणि थोडा काळा व्हाइट स्पिरिटमध्ये चहाच्या पाण्याएवढा पातळ करा आणि बारीक ब्रशने फक्त फटीला टोक लावा. तो आपोआप फटीतून धावतो. संपूर्ण बाजूवर हा पातळ रंग फासू नका. मॅट पृष्ठभागावर तो पसरून डाग पाडतो, त्यामुळे या टप्प्यापुरतं खाली सॅटिन किंवा ग्लॉस वॉर्निश असेल तर काम सोपं जातं. स्पिरिटचा पूरही नको. ताण असलेलं प्लास्टिक त्याने तडकू शकतं.

एअरब्रशशिवाय अडणारी गोष्ट म्हणजे मऊ कडांची धूळ आणि काजळी. तिथे पिग्मेंट पावडर किंवा सॉफ्ट पेस्टलच्या कांड्या कामाला येतात. कांडी ब्लेडने खरवडून भुकटी करा. ऑइल पेस्टल नको, त्यात मेण असतं. पावडर मॅट वॉर्निशवरच धरते, चकचकीत रंगावरून ती घसरते. मोठ्या मऊ ब्रशने धुराड्यापाशी गडद आणि दूर जाताना विरळ अशी काजळी पसरा. ती दोन्ही दिशांना जाऊ द्या, कारण इंजिन दोन्ही बाजूंना धावतं. डायनॅमिक ब्रेक (मोटरांनी वेग कमी करून ती वीज रोधकांत उष्णता म्हणून सोडणारा ब्रेक) असलेल्या इंजिनाच्या छपरावर रोधकांच्या जाळीभोवती रंग उष्णतेने भाजून फिका आणि खरखरीत होतो, तिथे काळ्याऐवजी राखाडी. धूळ मात्र खालून वर चढते: टाकी, पायऱ्या, पुढचा पत्रा यांवर दाट आणि बॉडीच्या खालच्या पाव भागात संपणारी. तिचा रंग त्या मार्गावरच्या खडी-मातीचा, म्हणून तोही फोटोतूनच घ्या.

चाकांच्या सांगाड्याकडे, म्हणजे बोगीकडे, सर्वांत जास्त वेळ द्या. कारखान्यातून ती सपाट काळी किंवा राखाडी येते आणि तिचं कोरीवकाम दिसतच नाही. बिडाचे ब्रेकशू चाकावर घासून लोखंडाची भुकटी उडते, ती गंजते आणि सगळीकडे तांबूस-तपकिरी थर बसतो. लोक ज्याला बोगीचा गंज समजतात तो बराचसा हाच. कॉम्पोझिट ब्रेकशू असलेल्या गाड्यांत हा रंग काळपट-राखाडीकडे झुकतो. त्यावर वाळूच्या नळ्यांच्या तोंडाशी, चाकाच्या अगदी जवळ, फिकट पिवळसर पावडरचा एक चिमूटभर स्पर्श. चाक घसरू नये म्हणून इंजिन रुळावर वाळू सोडतं, ती तिथे दिसायलाच हवी. वाळू भरायच्या झाकणाखालीही तिचा एखादा फिका ओघळ असतो. रेडिएटरच्या खाली थंडाव्याच्या पाण्यातल्या क्षारांचे पांढुरके ओघळ असतात. एक-दोनच काढा, केसाएवढे.

पाणी आणि तेल यांतला फरक रंगापेक्षा चमकेने दाखवायचा असतो. टाकीच्या तोंडाखाली डिझेल सांडतं, तिथला डाग गडद आणि ओलसर दिसतो. सगळं मॉडेल मॅट झाल्यावर नेमक्या त्या जागी रॉ अंबर मिसळलेल्या ग्लॉस वॉर्निशचा एक ओघळ द्या. जुन्या पद्धतीच्या तेल भरायच्या अ‍ॅक्सल बॉक्सवरही तसंच. आणि पुढच्या काचेवर वायपर जेवढा भाग पुसतो त्या आकाराची मास्किंग टेपची चकती कापून लावा, भोवती धूळ उडवा, चकती काढा. पाच मिनिटांचं काम आहे, पण नजर पहिल्यांदा तिथेच जाते.

चालण्याबद्दल म्हणाल, तर धास्ती रास्त आहे, पण बॉडीच्या बाबतीत ती नको. शेल उतरवून रंगवलं तर मोटर, गिअर आणि डीसीसी डिकोडरला (इंजिनाला डिजिटल हुकूम पोचवणाऱ्या आतल्या पट्टीला) काही होत नाही. बोगीच्या बाजूच्या पट्ट्या सुटत असतील तर त्याही काढून रंगवा. चाकांचा दर्शनी भाग रंगवायचा, पण रुळावर टेकणारा गोल भाग आणि वीज घेणाऱ्या पत्र्याच्या पट्ट्या कोऱ्या राहिल्या पाहिजेत. त्यासाठी इंजिन उताणं धरून तारांनी वीज द्या, चाकं संथ फिरू द्या आणि ब्रश स्थिर धरा, रंग गोल आणि सारखा लागतो. नंतर इअरबडवर अल्कोहोल घेऊन चाकाचा तो गोल भाग पुसा. खऱ्या चाकाचाही तेवढाच भाग चकाकतो, म्हणजे हे दोन्ही अर्थांनी बरोबरच. गिअरच्या जवळ पावडर कोरडी वापरू नका. ती ग्रीसला चिकटून दात झिजवते. तिथे पातळ अ‍ॅक्रिलिक रंग बरा. धातूच्या चमकीची पावडर मोटरच्या आसपाससुद्धा नको.

शेवटच्या वॉर्निशवर मतं दोन आहेत. वॉर्निश मारलं की पावडर गडद होते किंवा निम्मी गायबच होते. न मारलं तर बोटांनी पुसली जाते. मी छपरावर आणि बॉडीवर वीस-तीस सेंटिमीटर अंतरावरून अगदी हलका मॅट फवारा देतो आणि विरलेली काजळी त्यावर पुन्हा चढवतो, पण बोगी तशीच ठेवतो, कारण मी इंजिन डिझेलच्या टाकीलाच धरून उचलतो. लॅकरचं मॅट वॉर्निश वापरणार असाल, जसं टेस्टर्सचं डलकोट, तर नंतर त्यावर अल्कोहोल मिसळलेलं काही लावू नका, पांढरं धुकं येतं. आलंच तर त्याच वॉर्निशच्या आणखी एका हाताने ते जातं. काहीजण हे धुकं रंग विटवण्यासाठी मुद्दाम आणतात, पण ते हाताबाहेर लवकर जातं. पहिल्या मॉडेलवर मी ते करणार नाही.

पुढे दोन-तीन इंजिनं एकत्र जोडून गाडी ओढणार असाल तर सगळ्यांना एकाच दिवशी, एकाच डब्यातल्या रंगाने मळवू नका. एक नुकतंच रंगवून आलेलं, फक्त बोगीवर धूळ असलेलं ठेवा आणि एकाला भरपूर विटवा.