मराठीत राजा आणि राज्याची फँटसी कादंबरी लिहायची आहे, जग कसं उभं करू?

तुझा प्रश्न थोडक्यात असा: वय बावीस, मराठीत मोठी फँटसी कादंबरी लिहायला घेतली आहेस, त्यात एक राजा राक्षसांच्या फौजेपासून आपलं राज्य वाचवतो. जग कसं उभं करायचं आणि पानं किती ठेवायची, हे विचारलंस. जाता जाता शेवटी एक ओळ टाकलीस: ‘घरचे म्हणतात, आपल्याकडे खरे राजे असताना खोटा कशाला?’

त्या शेवटच्या ओळीसाठी लिहायला बसलोय. वयानं लहान आहेस म्हणून अरे-तुरे करतो, राग मानू नकोस.

हे वाक्य मी अकरा वर्षं ऐकतोय. माझा थोरला भाऊ शाळेत इतिहास शिकवतो. मला पन्हाळ्यावर पहिल्यांदा त्यानंच नेलं, तीन दरवाज्यावरच्या कोरीवकामावरून हात फिरवायला त्यानंच शिकवलं. म्हणून कादंबरीच्या पहिल्या दोन वह्या मी दुसऱ्या कुणाला न दाखवता दादाला दिल्या. स्वयंपाकघरात बसून त्यानं चाळीसेक पानं वाचली आणि वही मिटून म्हणाला, “पन्हाळ्याच्या सावलीत बसून तुला राजा सापडंना व्हय रे?” बाकी काही नाही. वही माझ्या हातात न देता त्यानं गॅसशेजारच्या कट्ट्यावर ठेवली. बोलण्यापेक्षा ते जास्त लागलं.

दादाकडं परत येतो. आधी तुझ्या जगाचं बघू.

नकाशा, वंशावळी, जादूचे नियम, देवांची नावं हे सगळं तू केलंच असशील. मीही केलं होतं, सहा महिने त्यातच गेले. त्यानंतर वेढ्याचं प्रकरण लिहिलं, नव्वद पानांचं. गडावर बारा हजार माणसं, दोन वर्षांचा वेढा, रोज लढाई. आमचं कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत धान्याचं दुकान आहे. दुपारी बाजार थंड असतो तेव्हा मी लिहिलेलं मोठ्यानं वाचायचो आणि दुकानातले जुने हमाल, आम्ही त्यांना मामा म्हणतो, पोत्याला टेकून ऐकायचे. नव्वद पानं ऐकून झाल्यावर मामांनी एकच विचारलं, “बारा हजार माणसानं दोन वर्षं खाल्लं काय?”

मी म्हटलं, कोठारं भरलेली होती.

“किती पोती?”

हिशेब मांडला. माणशी दिवसाला एक किलो धरलं तरी रोजचे १२० क्विंटल. आत्ताच्या ५० किलोच्या पोत्यानं रोज २४० पोती. दोन वर्षांची पावणेदोन लाख. बैलाच्या पाठीवर सव्वा क्विंटल घातलं तर गड चढायच्या सत्तर हजार खेपा. त्यात घोड्यांची वैरण धरलेलीच नाही. मामा म्हणाले, “एवढी पोती एका जागी मी जन्मात बघितली न्हाईत.” ते हसत नव्हते. पाठीवर ओझं वाहिलेल्या माणसाला तो आकडा दिसत होता, मला नव्हता.

त्या रविवारी एकटाच पन्हाळ्यावर गेलो आणि थेट अंबरखान्यात, म्हणजे गडावरच्या धान्यकोठारात शिरलो. इतकी वर्षं मी तिथं फोटो काढून परत यायचो. या वेळी गंगा कोठीत तासभर उभा राहिलो. सोळा खण, प्रत्येकावर घुमट, आणि घुमटाच्या माथ्यावर एक भोक. बाहेरच्या जिन्यानं छतावर धान्य चढवायचं आणि त्या भोकांतून आत सोडायचं. भिंतीला हात लावला, कोरडी. बाहेर पाऊस कोसळत होता आणि आत भिंत कोरडी! ज्यानं ती बांधली त्याला तलवारीपेक्षा ओल जास्त कळत होती. १६६० साली सिद्दी जौहरचा वेढा मार्चपासून जुलैपर्यंत चालला. इतके महिने गडावरचं माणूस तगलं ते असल्या कोरड्या भिंतींच्या आधारावर. आपल्याकडं बोलताना आपण थेट त्या पावसातल्या रात्रीवर आणि घोडखिंडीवर उडी मारतो, मधले चार महिने कुणी सांगत नाही.

पण मला हे अंगानं कळलं ते २०१९ च्या ऑगस्टमध्ये.

कोल्हापूरकराला महापूर समजावून सांगायला लागत नाही. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटाला इशारा, ४३ ला धोका. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ हायवे बुडाला आणि शहर तुटलं. दुधाच्या गाड्या येईनात, पेट्रोल पंपावर रांगा लागल्या. चारी बाजूंनी पाणी, आणि नळाला पाणी नाही, कारण उपसा केंद्रंच पाण्याखाली. बादल्या घेऊन टँकरची वाट बघणारी माणसं गुडघाभर पाण्यात उभी. राक्षसांची फौज पाहिजे असेल तर ही बघ. ती ओरडत येत नाही. रात्रीतून दोन पायऱ्या चढते.

आमचं गोडाऊन जयंती नाल्याच्या अंगाला. खालची थप्पी वर घेईपर्यंत दोन रांगा भिजल्या. वरच्या मजल्यावर नेऊन ठेवलेल्यातलंही काही पोतं बुडाशी ओलं होतं, ते घाईत कळलं नाही. तिसऱ्या दिवशी मामांनी मला बोलावलं, एका शाळूच्या, म्हणजे रब्बी ज्वारीच्या पोत्याचं तोंड सोडलं आणि म्हणाले, “हात घाल.” कोपरापर्यंत हात घातला. वर दाणा गार आणि आत गरम, ताप आलेल्या पोराच्या कपाळासारखा. बाहेर काढलेली मूठ आंबूस वासाची, दाण्याला पांढरा कोंब फुटायला लागलेला. एक दाणा मामांनी दाताखाली धरला. सुका दाणा कट् करून फुटतो, हा मऊ दबला. लाईट नाही, पंखा नाही, ऊन नाही. सगळ्या खोलीत शाळू पसरला आणि रात्रभर आळीपाळीनं हातानं वरखाली करत बसलो.

त्या आठवड्यात दादा आमच्याकडंच होता. शुक्रवार पेठेतलं त्याचं घर पाण्यात गेलं होतं. वहिनी आणि पोरं आत झोपलेली, आम्ही दोघं मेणबत्तीच्या उजेडात धान्य हलवत होतो. तो आपणहून बोलायला लागला. सिद्दीनं ऐन पावसाळ्यातही वेढा ढिला केला नाही, नेताजी पालकरांनी बाहेरून वेढा फोडायचा प्रयत्न केला तो साधला नाही, राजापूरचे इंग्रज तोफा घेऊन आले. इतकं चांगलं त्याला वर्गातही बोलताना मी ऐकलं नव्हतं. तो शिवा काशिदांपर्यंत आला. पायथ्याच्या नेबापूरचा माणूस, महाराजांचा वेश घेऊन दुसऱ्या पालखीत बसला आणि ओळखला गेल्यावर मारला गेला.

मी विचारलं, “दादा, त्या रात्री त्याच्या घरात काय बोलणं झालं असेल?”

“नोंद नाही.”

“मग कादंबऱ्यांत आई बोलते, बायको बोलते, ते?”

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “ते श्रद्धेनं लिहितात.”

माझा सगळा वाद इथं आहे आणि तुझ्या घरच्यांनाही हेच सांग. खऱ्या राजाच्या तोंडी आपण रचलेलं वाक्य घातलं की दहा वर्षांनी ते वाक्य इतिहास म्हणून फिरतं. लोक ते भाषणात म्हणतात, पोरं निबंधात लिहितात. मला ते करायचं नाही. शिवा काशिदांच्या घरातलं दुःख मला ठाऊक नाही आणि ते बनवायचा मला हक्क नाही. पण तसल्या रात्री एखाद्या घरात काय होत असेल, हा प्रश्न मला झोपू देत नाही. म्हणून मी राजा वेगळा घेतला, गड वेगळा घेतला, पालखीत बसणारा माणूस वेगळा घेतला. माझा राजा चुकतो. तो एकदा ओलं धान्य आधी खालच्या वस्तीला वाटायला सांगतो आणि त्याची शिक्षा तीनशे पानं भोगतो. हे मी महाराजांच्या नावावर लिहू का? खोटा राजा मी आदरापोटी घेतलाय, दादा.

आणि फँटसी बाहेरून आली म्हणणाऱ्यांना सांग, हळब्यांची ‘मुक्तामाला’ ही अद्भुतरम्य कादंबरी १८६१ ची आहे. मराठी कादंबरीत अद्भुत अगदी सुरुवातीपासून आहे.

तुझ्या राक्षसांबद्दल एक. नुसती काळी फौज करू नकोस. आपल्या कोल्हापूरच्या नावाची कथा आठव. अंबाबाईनं कोल्हासुराला मारलं, पण मरताना त्यानं मागितलं की या जागेला माझं नाव राहू दे, आणि देवीनं ते दिलं. त्याची आठवण म्हणून अजून ललिता पंचमीला टेंबलाईच्या टेकडीवर कोहळा फुटतो. शत्रूचं मागणं मान्य करणारी कथा ज्या गावात आहे, तिथल्या लेखकानं शत्रूला तोंड नसलेला ठेवू नये.

जादूचं विचारलं नाहीस तरी सांगतो. रामचंद्रपंत अमात्यांचं राज्यकारभारावरचं आज्ञापत्र वाच, त्यातलं गडकोटांचं प्रकरण. आधी पाणी बघा, मग किल्ला बांधा, असं ते सांगतात. झरा आहे म्हणून निर्धास्त राहू नका, टाकी खोदा, कारण लढाईत तोफांच्या आवाजानं झऱ्याचं पाणी कमी होतं. मी ते वाचलं आणि दुकानातच उठून उभा राहिलो. माझ्या कादंबरीतली सगळी जादू तेवढ्यावर उभी आहे: माझ्या गडाचे झरे घाबरतात. तोफ उडाली की आत आत जातात, आणि त्यांना बोलून परत आणणारी एकच म्हातारी गडावर उरलीये. जादूचे वेगळे नियम मला लिहावेच लागले नाहीत.

राजानं काहीतरी घालवलंच पाहिजे, हेही लक्षात ठेव. शिवाजी महाराज निसटले तरी पन्हाळा शेवटी त्याच वर्षी सिद्दीला द्यावा लागला. परत आला १६७३ ला, कोंडाजी फर्जंदांनी साठ माणसांनिशी घेतला तेव्हा. राज्य राखणं म्हणजे कधी गड सोडणं. आणि राजाच का? कावळा नाक्यावरून रोज जात असशील तर वर ताराबाईंच्या पुतळ्याकडं बघ. ताराबाईंनी वयाच्या पंचविशीत कारभार हातात घेतला आणि औरंगजेब मरेपर्यंत सात वर्षं त्याला दमवला. त्या काळात गड पैसे घेऊन सोडायचे आणि फौज हलली की परत घ्यायचे, असंही चालायचं. ही चाल एखाद्या राणीला दे, कादंबरी आपोआप पुढं सरकेल.

आता थोडं सावरून घेतो. ऐतिहासिक कादंबऱ्या वाईट असं माझं म्हणणं नाही, मी त्याच वाचून मोठा झालो. माझी कादंबरी छापलेलीही नाही. एका प्रकाशकाकडं सात महिने पडून राहिली आणि ‘याऐवजी महाराजांवर काही असेल तर पाठवा’ या ओळीसह परत आली. तेव्हा माझा सल्ला छापलेल्या लेखकाचा नाही, हे धरून चाल. झेरॉक्सवाल्याकडून बारा प्रती बांधून घेतल्या, त्यातल्या अकरा लोकांकडं फिरतायत. आणि आकड्यांच्या इतकंही मागं लागू नकोस की माणसं राहून जातील. माझं एक वर्ष वैरणीच्या हिशेबात गेलं.

पानांचं म्हणशील तर माझी बाराशेवर गेली होती, पुरानंतर ६४० उरली. लढाईची नव्वद पानं गेली, त्यांच्या जागी एक कोठीवाला आला. रोज पहाटे तो कोठीत उतरतो, पोत्यात कोपरापर्यंत हात घालतो आणि राजाकडं जाऊन फक्त ‘गार’ किंवा ‘गरम’ एवढंच सांगतो. वाचणारे सगळे त्याच्याबद्दलच विचारतात. तुझी किती व्हावीत हे मी कसं सांगू, पण पहिली तीनशे एखाद्या पोती उचललेल्या माणसाला मोठ्यानं वाचून दाखव आणि तो कुठं थांबवतो ते बघ.

दादा इथं उत्तरं वाचतो, मला ठाऊक आहे. बारावी प्रत दुकानात गल्ल्याखालच्या ड्रॉवरमध्ये आहे. अकरावं प्रकरण आपल्या त्या रात्रीचं आहे, मेणबत्तीसकट. दुकान साडेआठपर्यंत उघडं असतं.