पायरी कोणत्या कोर्टाची? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या महिन्याच्या पत्रांमध्ये एकच घोळ वेगवेगळ्या रूपांत आला आहे: दाद मागायची आहे, पण कागद कुठे टाकायचा ते कळत नाही. दिल्लीत सर्वोच्च न्यायालय, राज्यात उच्च न्यायालय, जिल्ह्यात जिल्हा न्यायालय आणि खाली तालुका कोर्ट, हा मुख्य जिना सगळ्यांना माहीत असतो. त्याच्या बाजूला महसूल, ग्राहक आणि नोकरीचे वेगळे जिने आहेत आणि प्रत्येकाची मुदत वेगळी आहे. माणसं चुकतात ती तिथे.

प्रश्न (काटोल तालुका): वडील २०२३ मध्ये वारले. भावांनी वारस फेरफारात (सातबाऱ्यावर वारसांची नावं चढवण्याच्या नोंदीत) माझं नाव घातलंच नाही. तलाठी म्हणतात, एसडीओ (उपविभागीय अधिकारी) साहेबांकडे अपील करा. वकील म्हणतात, दिवाणी दावा लावा. कोणाचं ऐकू?

दोघांचंही ऐका, कारण दोघं दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलत आहेत. फेरफार मंजूर करणारे मंडळ अधिकारी महसूल खात्याचे. त्यांच्या निर्णयाविरुद्ध अपील उपविभागीय अधिकाऱ्यांकडे जातं, मुदत ६० दिवस. ती उलटली असेल तर अपिलासोबत विलंब माफीचा अर्ज जोडा आणि फेरफाराची माहिती कधी व कशी मिळाली ते तारखेसह लिहा. फेरफाराची नोटीस तुम्हाला बजावलीच नसेल, तर हाच तुमचा सर्वांत भक्कम मुद्दा. त्यासाठी फेरफाराच्या उताऱ्याबरोबर नोटीस बजावल्याच्या कागदाचीही नक्कल मागा. बहुतेक जण फक्त सातबारा घेऊन येतात आणि त्यावरून काहीच कळत नाही.

मात्र हे अपील जिंकलं तरी मिळेल ती नोंद, हिस्सा नव्हे. सातबाऱ्यावरची नोंद खरी धरली जाते, पण उलट सिद्ध होईपर्यंतच. मालकी ठरवण्याचा अधिकार महसूल अधिकाऱ्यांना नाही. तो दिवाणी न्यायालयाचा. उलट बाजूने, नाव नोंदलं नाही म्हणून तुमचा हक्क बुडालेलाही नाही. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच वाटा आहे. हा हक्क देणारी कायद्यातली दुरुस्ती लागू झाली त्या ९ सप्टेंबर २००५ रोजी वडील हयात असण्याचीही अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात स्पष्ट केलं.

वाटणीचा दावा जमीन जिथे आहे तिथल्या, म्हणजे काटोलच्या, कोर्टात लागतो. दाव्याचं मूल्यांकन ५ लाखांपर्यंत असेल तर दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर, त्यापुढे वरिष्ठ स्तर. मालमत्तेच्या वादात महिलांना न्यायालय शुल्क माफ आहे. तशी राज्याची १ ऑक्टोबर १९९४ ची अधिसूचना आहे. ती दाव्यात नमूद करा, नाहीतर कारकून कोर्ट फीची तिकिटं लावायला सांगतात. मुदत भरपूर आहे: वाट्यातून वगळल्याचं कळल्यापासून १२ वर्षं. पण थांबू नका. दाव्याबरोबरच भावांनी जमीन विकू नये म्हणून तात्पुरत्या मनाई हुकमाचा अर्ज द्या.

असे दावे दोन कारणांनी अडतात. एक, सगळे वाटेकरी पक्षकार केलेले नसतात. आई हयात असेल तर तीही वारस आहे आणि ज्या बहिणीला काही नको, तिचंही नाव लागतं. दोन, एकच शेत दाव्यात घेतलं जातं आणि गावातलं घर राहून जातं. मग अपुऱ्या वाटणीचा आक्षेप येतो आणि दुरुस्ती अर्जातच सहा-आठ पेश्या जातात.

शिवाय हुकूमनामा (दाव्याच्या निकालाचा लेखी आदेश) झाला म्हणजे शेत ताब्यात आलं, असंही नाही. सारा भरणाऱ्या शेतजमिनीत न्यायालय फक्त कोणाचा वाटा किती ते ठरवतं. धुरा (बांध) कुठे टाकायचा ते काम दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत मोजणी होऊन ठरतं. म्हणजे महसूल खात्याकडे शेवटी यावंच लागतं. त्यामुळे पहिल्या अपिलाची फाइल जपून ठेवा.

प्रश्न (अमरावती): माझी रिट याचिका नागपूर खंडपीठातल्या एका न्यायमूर्तींनी फेटाळली. आता मुंबईच्या मुख्य हायकोर्टात अपील करता येईल का?

नाही. नागपूरला बसणारं आणि मुंबईला बसणारं उच्च न्यायालय एकच आहे, एक दुसऱ्याच्या वर नाही. हा गैरसमज विदर्भात इतका खोल आहे की त्याचा इतिहास सांगितलेला बरा. नागपूरला १९३६ पासून स्वतःचं उच्च न्यायालय होतं. सिव्हिल लाइन्समधली आजची इमारत त्याच काळातली, वास्तुकार हेन्री मेड यांची. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली, तेव्हा ते न्यायालय मध्य प्रदेशचं म्हणून जबलपूरला गेलं आणि विदर्भ मुंबई उच्च न्यायालयाखाली आला. पुढे मुंबई पुनर्रचना अधिनियम, १९६० च्या कलम ४१ ने नागपूरला कायमचं पीठ दिलं. विदर्भातले आजचे अकराही जिल्हे त्यात येतात. एखादं प्रकरण मुंबईत ऐकावं असा आदेश मुख्य न्यायमूर्ती देऊ शकतात, पण ते अपील नव्हे.

तुमच्यापुढे मार्ग तीन. याचिका राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली असेल तर नागपुरातच दोन न्यायमूर्तींपुढे लेटर्स पेटंट अपील, ३० दिवसांत. २२७ खाली (खालच्या न्यायालयांवरच्या देखरेखीचा अधिकार) असेल तर ते अपील नाही. वकिलाने वर दोन्ही अनुच्छेद लिहिलेले असतात, पण न्यायालयाने प्रत्यक्षात कोणता अधिकार वापरला ते पाहिलं जातं. निकालात उघड चूक असेल तर पुनर्विलोकन (त्याच न्यायालयाने निकाल पुन्हा तपासणं), तेही ३० दिवसांत. नाहीतर दिल्ली: सर्वोच्च न्यायालयात विशेष अनुमती याचिका, ९० दिवसांत.

एक उपप्रश्नही बऱ्याच पत्रांत आहे: मोठ्या रकमेचा दावा थेट हायकोर्टात का लावता येत नाही? तशी सोय मुंबई शहरापुरती आहे. नागपुरात दावा कितीही कोटींचा असो, सुरुवात खालूनच होते.

प्रश्न (उमरेड): ३ लाख २० हजारांचा निकाल माझ्या बाजूने लागून दोन वर्षं झाली. समोरचा म्हणतो, अपील केलंय. पैसे कसे मिळतील?

आधी हे तपासा की अपिलात स्थगिती मिळाली आहे का. नुसतं अपील दाखल केल्याने हुकूमनामा थांबत नाही. ई-कोर्ट्सच्या ॲपवर पक्षकाराच्या नावाने शोधलं की प्रकरणाचा १६ अक्षरांचा सीएनआर क्रमांक मिळतो आणि त्यावर प्रत्येक तारखेचा आदेश दिसतो. स्थगिती नसेल तर ज्या कोर्टाने निकाल दिला तिथेच दरखास्त (निकालाच्या अंमलबजावणीचा अर्ज) दाखल करा. पैशाच्या हुकूमनाम्याला मुदत १२ वर्षं. मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर हुकूमनामा तिकडे वर्ग करून घ्यावा लागतो.

दरखास्त फसते ती मालमत्तेच्या यादीवर. 'प्रतिवादीचं राहतं घर व जंगम सामान' एवढंच लिहिलं तर बेलिफ जाऊन येतो आणि 'माल मिळून आला नाही' असा शेरा मारतो. घर क्रमांक, चतुःसीमा, गट नंबर, गाडीचा नंबर, बँकेची शाखा, असेल तितकं लिहा. काहीच माहीत नसेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१ नियम ४१ चा अर्ज करा. न्यायालय ऋणकोला (ज्याच्याकडून पैसे यायचे त्याला) मालमत्तेचं शपथपत्र द्यायला सांगतं. हा अर्ज फार कमी लोक करतात, ते आम्हाला नवलच वाटतं.

पगार जप्त करायचा तर पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन-तृतीयांश वगळून राहील तेवढाच कापता येतो, तोही एकूण २४ महिने. भविष्य निर्वाह निधीला आणि शेतीच्या अवजारांना हात लावता येत नाही. दरखास्त सहा महिन्यांत निकाली काढावी असा सर्वोच्च न्यायालयाचा २०२१ चा निर्देश आहे. तारखा लांबत गेल्या तर अर्जात तो लिहायला हरकत नाही.

प्रश्न (कामठी): मुलाचा जामीन न्यायदंडाधिकाऱ्यांनी नाकारला. त्यावर अपील किती दिवसांत?

अपील नसतं. सत्र न्यायालयात नवा अर्ज करायचा, तिथे नाकारला तर उच्च न्यायालयात. दिवसांची मुदत नाही. मुदत पाळायची ती पोलिसांना. १० वर्षं किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या, जन्मठेपेच्या किंवा फाशीच्या गुन्ह्यांत ९० दिवस, इतर गुन्ह्यांत ६० दिवस. तोवर दोषारोपपत्र आलं नाही तर जामिनाचा हक्क तयार होतो. रिमांडचा पहिला दिवस धरून मोजा आणि दोषारोपपत्र दाखल होण्याआधी अर्ज द्या. तासाभराने उशीर झाला तरी हक्क जातो. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण मोफत देतं, कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाइन १५१००.

प्रश्न (वर्धा रोड, नागपूर): बिल्डरला ४२ लाख दिले, ताबा नाही. ग्राहक मंच की कोर्ट?

जिल्हा ग्राहक आयोग. दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असली की तिथेच, शुल्क १,००० रुपये. तक्रारीला मुदत दोन वर्षं. निकालावर अपील हायकोर्टात नाही, राज्य आयोगाकडे, ४५ दिवसांत. त्याचं फिरतं पीठ नागपुरात आहे. बिल्डरला अपील करायचं तर आदेशातली निम्मी रक्कम आधी भरावी लागते.

प्रश्न (भंडारा): जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. बदलीविरुद्ध मॅटमध्ये गेले तर अर्ज परत आला. आता?

महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजे मॅट, राज्य सरकारी कर्मचाऱ्यांसाठी. जिल्हा परिषदेचे कर्मचारी त्यात येत नाहीत, त्यांची दाद थेट उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात रिट याचिकेने. मॅटच्या आदेशाची प्रत जोडा आणि मधला वेळ कुठे गेला ते पहिल्याच परिच्छेदात लिहा. तुमच्या मैत्रिणीबद्दल विचारलंत, तिची शाळा खासगी अनुदानित असेल तर जागा तिसरीच: बडतर्फीविरुद्ध शाळा न्यायाधिकरण, आदेश हाती पडल्यापासून ३० दिवसांत. पत्रावर २१ तारीख आहे, म्हणजे तिचे दिवस आधीच सुरू झालेत.