वेईबोच्या लुओ शाओवेईने आपलीच हुजुरात का कापली?

प्रश्न असा आहे की चीनमधलं तांग घराणं मोडकळीला आलेलं असताना सुभेदार दरबाराला भीक घालत नव्हते, मग वेईबोचा सुभेदार लुओ शाओवेईला 906 मध्ये भीती कोणाची होती? भीती होती ती स्वतःच्याच पहाऱ्याची, म्हणजे हुजुरातीची.

वेईबो म्हणजे आजच्या हबेईतल्या दामिंगभोवतीचा सुभा. 763 मध्ये तो थ्यान छंगसी या सेनापतीला मिळाला. त्याने घरटी नोंद करून धडधाकट गडी फौजेत ओढले, शेती म्हाताऱ्यांवर सोडली, आणि त्यातले निवडक 10,000 हुजुरात म्हणून जवळ ठेवले. खरी गोम इथेच आहे. नोकरी बापाकडून लेकाकडे जायची, सोयरिकी आपसांतच व्हायच्या. सुभेदार बदलायचे, हुजुरात तीच. (गारदी आठवले असतील तर फरक लक्षात घ्या: हे भाडोत्री नव्हते, गावचेच होते.) 829, 870, 883, दर वेळी यांनी सुभेदार मारला आणि आपल्या पसंतीचा बसवला.

मग दुसरी फौज उभी करायची? 883 मध्ये बसवलेला सुभेदार लअ यानचन, त्याच्या मुलाने तेच केलं, पाचशेवर खासगी शिपाई जमवले. हुजुरातीला वास लागला आणि 888 मध्ये बापलेक दोघेही गेले. त्याच धामधुमीत शाओवेईचा बाप सुभेदार झाला. म्हणजे मदत बाहेरूनच आणणं भाग होतं.

ती दिली बियानझोउच्या (आजच्या काइफंगच्या) बलाढ्य सुभेदाराने, चू वनने. त्याची मुलगी लुओची सून होती. ती वारली, तेव्हा अंत्यविधीच्या नावाखाली हजार शिपाई हमाल बनून शहरात शिरले, ओझ्यांत चिलखतं आणि हत्यारं. त्याआधी लुओने शस्त्रागारात माणसं घुसवून धनुष्यांच्या दोऱ्या आणि चिलखतांचे बंद कापून ठेवले होते. हल्ला झाल्यावर हुजुरात शस्त्रागाराकडे धावली, पण हाताला लागलं त्यातलं काहीच चालेना. तान्ह्या पोरांसकट 8,000 कुटुंबं संपली.

योजना चोख होती, हिशेब चुकला. बाकीची फौज बिथरून बंड करून उठली. ते मोडायला चू वन सहा महिने सुभ्यात ठाण मांडून बसला. त्याच्या सैन्यासाठी जवळपास 7 लाख गुरं, मेंढ्या, डुकरं कापली गेली, कोठारं रिती झाली. सुभ्याची कंबर मोडली आणि लुओ चू वनचा मिंधा झाला.

एवढं करूनही रोग गेला नाही. पुढे तिथे आलेल्या चू वनच्या सेनापतीने, यांग शिहोउने, पुन्हा निवडक जवानांची तुकडी बांधली. 915 मध्ये चू वनच्या घराण्याने सुभ्याचे दोन तुकडे करायचं ठरवताच ती बंड करून त्या घराण्याच्या शत्रूला जाऊन मिळाली.