औषध मारूनही जनावरांची खाज परत का येते? गाय, शेळी, कुत्रा, मांजर सगळ्यांना एकच औषध चालेल का?

तुमचा प्रश्न असा: दोन गाई, एक वासरू, चार शेळ्या, कुत्रा आणि मांजर, सगळेच अंग खाजवतायत, केस झडतायत. गोचिडाचं औषध फवारलं की आठवडाभर बरं वाटतं आणि मग पुन्हा तेच. सगळ्यांना चालेल असं एक जालीम औषध कोणतं?

असं औषध नाही. आणि तेच औषध मांजरावरही मारलं असेल तर बाकीचं नंतर वाचा. परमेथ्रिन, सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन ही पायरेथ्रॉइड गटातली औषधं मांजराच्या यकृताला नीट पचवता येत नाहीत. लाळ गळते, कान आणि अंग थरथरतं, झटके येतात. कुत्र्याच्या पाठीवर टाकायचं परमेथ्रिनचं औषध मांजराला लावल्याने मांजरं दगावतात. अंगाला लागलं असेल तर कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणाने धुवा, टॉवेलमध्ये गुंडाळून ऊब द्या आणि लगेच डॉक्टरांकडे न्या. गोचीड-खरजेवरचं अमिट्राझ मांजराला आणि घोड्याला नको, पिसवा-गोचिडावरचं फिप्रोनिल सशाला नको.

आता मूळ दुखण्याकडे. खाज परत येण्याचं कारण बहुतेक वेळा औषधाच्या ताकदीत नसतं. औषध अंगावरचे जिवंत किडे मारतं. अंडी तशीच राहतात, आणि गोठ्याच्या भिंतीत, कुत्र्याच्या पोत्यात, सोफ्याच्या फटीत दडलेल्यांपर्यंत ते पोचतच नाही. शिवाय खाज नक्की कशाची हे न बघता मारलेलं औषध निम्म्या वेळा चुकीचंच असतं. म्हणून बाटली उघडण्याआधी जनावराला उजेडात उभं करा आणि ते कुठे खाजवतंय ते बघा.

गाईच्या कासेवर, जांघेत, शेपटीखाली, मानेखालच्या पोळीत आणि कानात गोचीड बसतात. डोळ्यांभोवती नि मानेवर राखाडी, जाड, गोल खपल्या असतील आणि वासरू फारसं खाजवत नसेल तर तो नायटा. कानाच्या कडा, कोपर, घोटा इथले केस गेलेत आणि कुत्रा रात्रंदिवस खाजवतोय, तर खरूज म्हणजे लूत धरा. कुत्रा शेपटीच्या बुडाशी आणि मांड्यांच्या मागे चावत असेल तर पिसवा. पाठीवरचे केस पिंजारून बघताना केसांच्या मुळाशी चिकटलेल्या पांढऱ्या लिखा दिसल्या, तर उवा. आणखी एक नजरेतून सुटणारी गोष्ट: फक्त पांढऱ्या कातडीचे पट्टेच लाल होऊन सोलवटत असतील आणि शेजारचा काळा भाग धडधाकट असेल, तर ते किडे नव्हेत. घाणेरीसारखी वनस्पती खाल्ल्याने यकृत बिघडतं आणि ऊन सोसत नाही. जनावर सावलीत बांधा, चारा तपासा, डॉक्टरांना बोलवा. फवारणीचा इथे काही उपयोग नाही.

गोचिडाबद्दल सविस्तर लिहितो, कारण चुका इथेच जास्त होतात. गुरांवरचा नेहमीचा निळसर गोचीड पिल्लापासून मादीपर्यंत साधारण 3 आठवडे एकाच जनावरावर काढतो. रक्ताने टम्म फुगलेली मादी खाली पडते, फटीत शिरते आणि 2,000 ते 3,000 अंडी घालून मरते. त्यातून निघालेली पिल्लं जनावराची वाट बघत काही महिने तग धरतात. म्हणजे तुम्ही आज अंगावरचे सगळे मारले तरी उद्या भिंतीतून नवे चढणार. कुत्र्यावरचा तपकिरी गोचीड तर प्रत्येक अवस्थेत खाली उतरतो आणि भिंतीवर वर चढतो, म्हणून कुत्र्याच्या झोपायच्या जागेच्या फक्त फरशीवर फवारून भागत नाही. दाराची चौकट, भिंतीच्या भेगा, छताजवळचा कोपरा हेही बघा.

प्रमाण असं. डेल्टामेथ्रिन 1.25 टक्के असेल तर गोचिडासाठी 1 लिटर पाण्यात 2 मिली. अमिट्राझ 12.5 टक्के असेल तर गोचिडासाठी 1 लिटरला 2 मिली, खरजेसाठी 4 मिली. बाटलीवरची टक्केवारी वेगळी असेल तर हे आकडे लागू नाहीत, लेबल वाचा. एका मोठ्या गाईला 3 ते 4 लिटर द्रावण लागतं. अर्ध्या लिटरात गाय उरकली, तर फक्त पाठ ओली होते आणि गोचीड असतात पोटाखाली. आधी जनावराला पोटभर पाणी पाजा, म्हणजे ते अंग चाटायला कमी जातं. सकाळी किंवा संध्याकाळी गारव्यात, वाऱ्याकडे पाठ करून, हातमोजे घालून फवारा. केसांच्या उलट दिशेने मारा. कानाच्या आतल्या बाजूला फडक्याने लावा. जखमेवर, डोळ्यांत, सडांवर द्रावण नको. गाभण, आजारी आणि अगदी लहान जनावरांसाठी आधी डॉक्टरांना विचारा. अंग सावलीत वाळू द्या. अमिट्राझचं द्रावण ताजंच वापरा, उरलेलं दुसऱ्या दिवशी नको. जनावर सुस्तावलं, नाडी मंदावली तर अमिट्राझची विषबाधा समजा. त्यावर उतारा आहे, पण तो डॉक्टरांकडे.

ज्या दिवशी जनावरावर फवारणी, त्याच दिवशी गोठ्यावर. गव्हाण आणि चारा आधी बाहेर काढा, भेगांत झारीने किंवा पंपाने द्रावण सोडा, आठवड्याने भेगा सिमेंटने बुजवा. चुन्याच्या द्रावणात कीटकनाशक मिसळून एकाच वेळी दोन्ही कामं उरकणारे बरेच जण आहेत. ते करू नका: चुना अल्कधर्मी असतो आणि पायरेथ्रॉइड त्यात मोडून निकामी होतात. मग 15 ते 21 दिवसांनी जनावर आणि गोठा दोन्ही पुन्हा, आणि असं निदान तीनदा. औषध लागू पडेनासं झालं तर गट बदला. डेल्टामेथ्रिनच्या जागी दुसऱ्या नावाचं सायपरमेथ्रिन आणणं म्हणजे बदल नव्हे, दोन्ही भावंडंच आहेत.

हाताने गोचीड काढायचे असतील तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा आणि साबणाच्या पाण्यात टाका. बोटांनी चिरडू नका, काडीने जाळू नका. गोचीड बबेसिया, थायलेरिया, ॲनाप्लाझ्मा यांसारखे आजार पसरवतात. गाईला ताप, लघवी कॉफीसारखी किंवा लाल, डोळ्यांच्या आतली कड पांढुरकी, खांद्यापुढची गाठ सुजलेली यांतलं काही दिसलं तर फवारणी राहू द्या, त्याच दिवशी रक्त तपासा.

खरजेचा किडा कातडीत बिळं करतो, म्हणून वरवरच्या मलमाने फरक पडत नाही. अंड्यापासून अंड्यापर्यंतचं त्याचं चक्र 2 ते 3 आठवड्यांचं. गाई-शेळ्यांना आयव्हरमेक्टिन 1 टक्का इंजेक्शन, 50 किलो वजनाला 1 मिली, कातडीखाली. शिरेत कधीच नाही. 14 दिवसांनी पुन्हा, जाड खरूज असेल तर तिसऱ्यांदाही. माणसांसाठी दूध काढत असाल तर हे इंजेक्शन दुधाळ गाईला देऊ नका. दुधाळ गाईंसाठी पाठीवर ओतायचं इप्रिनोमेक्टिन बनवलेलं असतं, त्याबद्दल डॉक्टरांना विचारा. गोठ्यात एकाला झाली तर शेजारी बांधलेल्या सगळ्यांना एकाच दिवशी द्या, ते खाजवत नसले तरी.

वजनाचा अंदाज डोळ्यांनी नको, त्यात माणूस 50-100 किलोंनी सहज चुकतो. पुढच्या पायांमागे छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी, दोन्ही इंचांत मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 660, म्हणजे किलो. घेर 65 आणि लांबी 54 असेल तर सुमारे 345 किलो, म्हणजे जवळपास 7 मिली. कमी डोस दिला की किडे मरत नाहीत, उलट त्या औषधाला सरावतात.

गुरांची आयव्हरमेक्टिनची बाटली कुत्र्यासाठी उघडू नका. कॉली, शेटलंड शीपडॉग, ऑस्ट्रेलियन शेफर्ड अशा जातींमध्ये आणि त्यांच्या संकरांत एका जनुकातल्या दोषामुळे हे औषध मेंदूत शिरतं, आणि मिश्र जातीच्या कुत्र्यात तो दोष बघून कळत नाही. कुत्र्याच्या लुतीवर, पिसवांवर आणि गोचिडावर फ्लुरालानर, ॲफोक्सोलानर, सॅरोलानर या गटातल्या गोळ्या चांगल्या लागू पडतात. झटके येणाऱ्या कुत्र्याला मात्र जपून. लूत असलेल्या कुत्र्याच्या कानाची कड बोटांत चोळली तर तो बहुधा मागच्या पायाने खाजवायची हालचाल करतो. त्याला हाताळणाऱ्या माणसालाही काही दिवस पुरळ येतो.

केस गेलेत पण खाज नाही, डोळ्यांभोवती चष्म्यासारखे पट्टे, कुत्रा वर्षाच्या आतला, असं असेल तर डेमोडेक्स असू शकतो. हा किडा निरोगी कुत्र्यातही थोडाफार असतो आणि एकाकडून दुसऱ्याकडे पसरत नाही. इथे खाज थांबवायला स्टेरॉइड दिलं तर अंगभर पसरतो. म्हणून कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं मला फार महत्त्वाचं वाटतं. डॉक्टर डागाच्या कडेला पॅराफिन तेल लावून, किंचित रक्त येईपर्यंत ब्लेडने खरवडतात. पाच मिनिटांचं काम आहे. फक्त एवढं ध्यानात ठेवा की लुतीचा किडा खरवडण्यात बऱ्याचदा सापडत नाही, तेव्हा तपासणी कोरी आली तरी लक्षणं जुळत असतील तर उपचार करतात.

पिसवांचं गणित वेगळं. ओल्या पांढऱ्या कागदावर कुत्र्याचे केस विंचरा. काळे कण पडून त्यांचे लाल डाग उमटले तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. मादी दिवसाला 40-50 अंडी घालते आणि ती घरभर सांडतात. कोशातल्या पिसवांना कीटकनाशक लागत नाही, म्हणून औषधानंतरही काही आठवडे नव्या पिसवा दिसत राहतात. औषध फसलं असं समजून डोस वाढवू नका. अंथरूण गरम पाण्यात धुवा, व्हॅक्यूम रोज फिरवा (हादऱ्याने कोश फुटतात, ते फायद्याचंच), आणि घरातल्या प्रत्येक कुत्र्या-मांजराला आपापलं औषध 3 महिने चालू ठेवा. शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसले तर पिसवांमधून आलेला पट्टकृमी आहे, त्याचं औषध वेगळं.

उवांचं सोपं. त्या अंगाबाहेर फार जगत नाहीत आणि गाईच्या उवा कुत्र्यावर जात नाहीत. 14 दिवसांच्या अंतराने दोनदा औषध. केस कुरतडणाऱ्या उवांवर इंजेक्शन कमी पडतं, तिथे फवारणी किंवा पाठीवर ओतायचं औषध हवं.

नायटा बुरशीचा, त्यामुळे गोचिडाच्या औषधाने तो हलणार नाही. वासराचा नायटा सहसा 2 ते 4 महिन्यांत आपोआप जातो. तरी मी उपचार करा असंच म्हणेन, कारण तो तुमच्या हातावर आणि मुलांच्या डोक्यावर येतो आणि लाकडावर त्याचे बीजाणू महिनोन्‌महिने जगतात. खपल्या कोमट साबणाच्या पाण्याने भिजवून काढा, जाळून टाका, मग बुरशीनाशक डागाच्या कडेबाहेर दोन बोटं लावा. खरारा प्रत्येकाचा वेगळा ठेवा. मांजराचा नायटा जास्त चिवट असतो, त्याला आतून गोळ्याही लागतात. त्यातली ग्रिसिओफुल्विन ही बुरशीनाशक गोळी गाभण मांजरीला चालत नाही, पिल्लांत व्यंग येतं.

पावसात भिजून पाठीवर केसांचे ब्रशसारखे चिकटलेले पुंजके उपटून येत असतील तर तो नायटा नव्हे, जिवाणू आहे. जनावर कोरडं ठेवा, डॉक्टर अँटिबायोटिक देतील. अंगभर 2 ते 5 सेंटिमीटरच्या घट्ट गाठी आणि ताप म्हणजे लम्पी असू शकतो. जनावर वेगळं बांधा, माश्या-डास आवरा आणि पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवा. चामखीळ मात्र बहुधा काही महिन्यांत गळून जातात, त्यांना छेडू नका.

जळकं इंजिन ऑइल, रॉकेल, शेतातलं पिकांचं कीटकनाशक यांतलं काहीही जनावराच्या अंगाला लावू नका. कातडी भाजते आणि चाटल्यावर विष पोटात जातं.

तुमच्या बाबतीत मी आधी मांजर वेगळं करेन, मग कुत्र्याची आणि वासराची कातडी खरवडून तपासून घेईन, आणि निकाल येईपर्यंत गोठ्याच्या भेगा शोधून ठेवेन. कॅलेंडरवर पहिल्या औषधाची तारीख, त्यापुढे 14वा आणि 21वा दिवस आताच लिहून ठेवा.