एनहान्सर उघडा आहे, तरी जनुक गप्प का?

तुम्ही विचारलंय की एटॅक-सेकमध्ये (डीएनएच्या उघड्या जागा शोधणारी चाचणी) एनहान्सरची, म्हणजे जनुक चालू करणाऱ्या डीएनएच्या तुकड्याची, जागा उघडी दिसते, तरी जनुक गप्प कसं. आणि काम संपल्यावर एनहान्सर बंद कोण करतं. खरा घोळ एनहान्सरला लावलेल्या 'स्विच' या शब्दाने घातलाय. चालू करायला कुणीतरी लागतं आणि बंद राहणं फुकटचं, असं त्यातून वाटतं. बंद ठेवायलाही राबावं लागतं.

माझं आवडतं उदाहरण झेडआरएस नावाचा एनहान्सर. गर्भात हाताचा कोंब फुटतो तेव्हा 'सॉनिक हेजहॉग' जनुक (हो, नाव व्हिडिओ गेमवरूनच) फक्त करंगळीच्या बाजूला चालू असतं. त्याचा हा एनहान्सर त्या जनुकापासून सुमारे 10 लाख बेस (डीएनएची अक्षरं) दूर, एका भलत्याच जनुकाच्या इंट्रॉनमध्ये (प्रथिनाची माहिती नसलेल्या मधल्या भागात) बसलाय. त्याची स्वतःची लांबी जेमतेम 800 बेस. करंगळीकडे हँड2, हॉक्सडी13 ही प्रथिनं त्यावर बसतात आणि तो जागा होतो. अंगठ्याकडे ईटीव्ही4 आणि ईटीव्ही5 ही प्रथिनं त्याला दाबून धरतात. झेडआरएसमधलं एखादं अक्षर बदललं तरी हा तोल ढळू शकतो: जनुक अंगठ्याच्या बाजूलाही थोडं चालतं आणि तिथे जादा बोट येतं. फ्लोरिडात की वेस्टला लेखक हेमिंग्वेच्या घरातल्या सहाबोटी मांजरींचं कारण हेच. उलट प्रयोग 2016 सालचा: उंदरात सापाचा झेडआरएस घातला तर पाय खुरटले. अजगराच्या झेडआरएसमध्ये हरवलेले 17 बेस परत बसवले, तेव्हा पाय पुन्हा नीट वाढले.

आता बंद होण्याची रीत. चालू करणारी प्रथिनं पी300 या एन्झाइमला बोलावतात आणि ते शेजारच्या एच3 हिस्टोनच्या (डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो त्यांपैकी एक प्रथिन) 27व्या जागेवरच्या लायसिन या अमिनो आम्लावर अ‍ॅसिटिल चढवतं. ती प्रथिनं ओसरली की डीअ‍ॅसिटिलेझ ही एन्झाइमं ते उतरवतात. मग कधी पीआरसी2 हा जनुकं दाबणारा प्रथिनांचा गट त्याच लायसिनवर मिथिल चढवतं. खुर्ची एकच, त्यामुळे दोन्ही खुणा एकदम बसत नाहीत.

तुमच्या डेटाबद्दल: दाबणारी प्रथिनंही डीएनएलाच चिकटतात, त्यामुळे जागा उघडी दिसली म्हणजे एनहान्सर चालू आहे असं नाही. फळमाशीतल्या 'ईव्ह' जनुकाच्या दुसऱ्या पट्ट्याच्या कडा जायंट आणि क्रूपल ही दाबणारी प्रथिनं अशीच आखतात. तुमच्या त्याच पेशींमध्ये एच3के27एसी (27व्या लायसिनवरची अॅसिटिलची खूण) बघा. ती खूण नसेल आणि के27मी3 (तिथलीच मिथिलची खूण) असेल, तर एनहान्सर बहुधा दाबून ठेवलेला आहे.