मित्राच्या सिनेमात बारा लाख घालावेत का?

तुमचं पत्र थोडक्यात असं: वय 43, फिल्मसिटी, मढ आणि घोडबंदरच्या सेटवर 16 वर्षं मालिकांचा कॅमेरा. आता निर्माता मित्र पहिला मराठी चित्रपट दिग्दर्शित करायला देतोय. 14 महिन्यांचं काम, मानधन 5 लाख, आणि तुम्ही 12 लाख घातलेत तर भागीदारी. शिल्लक 22 लाख. दहिसरच्या घराच्या हप्त्यासकट खर्च महिना 95 हजार, पत्नीचा पगार 52 हजार, मुलगी अकरावीत.

दिग्दर्शन जरूर घ्या. बारा लाख मात्र देऊ नका.

दर महिन्याला 43 हजार कमी पडणार. हिशोब 14 नव्हे, 18 महिन्यांचा धरा, कारण परत मालिकेकडे वळलात तरी पहिल्या शिफ्टचे पैसे नव्वद दिवसांनी येतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. म्हणजे पावणेआठ लाख. मानधनाच्या चार हप्त्यांपैकी सहीचा एक लाख आणि शूटिंग सुरू होतानाचा दीड लाख एवढेच जमेत धरा. एडिटनंतरचा लाख आणि प्रदर्शनाचा दीड लाख आले तर आले. राहिले सव्वापाच लाख, ते शिलकीतून जाणार. आजारपण आणि मेडिक्लेमचा हप्ता धरून आठ लाख वेगळ्या एफडीत ठेवा. उरलेले चौदा मुलीच्या शिक्षणाचे. आता यातून बारा काढून बघा.

पैशापलीकडचंही एक कारण आहे, आणि मला तेच जास्त महत्त्वाचं वाटतं. स्वतःचे पैसे अडकलेला दिग्दर्शक एक दिवस जास्त शूटिंग मागताना कचरतो. पहिल्याच चित्रपटात तुमची नजर खर्चाच्या वहीवर राहिली, तर ही संधी घेऊन काय मिळवलंत? शासनाच्या अनुदानाची आशा मित्राने दाखवली असेल, पण ते चित्रपट पूर्ण होऊन परीक्षण झाल्यावर मिळतं. शूटिंगच्या खर्चाला ते उपयोगी नाही.

तुम्ही कॅमेरामन-दिग्दर्शक अविनाश अरुण यांचं नाव घेतलंत. त्यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘किल्ला’ला 2014 मध्ये बर्लिन चित्रपट महोत्सवात पारितोषिक मिळालं, तरी 2015 मध्ये आलेल्या ‘मसान’ आणि ‘दृश्यम’चा कॅमेरा त्यांनीच केला होता. तेव्हा तुम्हीही कॅमेरा सोडल्याचं कुणाला सांगू नका. पटकथेवर काम चालू असताना महिन्याला चार-पाच शिफ्ट मिळाल्या तर घ्या. लेन्सचा सेट विकायचं डोक्यात आहे, तेही राहू द्या. याच चित्रपटाला तो भाड्याने द्या आणि बिल मानधनापासून वेगळं करा.

करात फार गुंतागुंत नाही. मानधनातून 10 टक्के टीडीएस कापला जाईल. कमाई कमी असलेल्या वर्षी रिटर्न न चुकता भरा, म्हणजे तो परत मिळेल.

मित्राला नुसतं नाही म्हणणं जड जाईल, हे समजतं. त्याला असं सांगा: प्रदर्शनाचा दीड लाखाचा हप्ता मी सोडतो, त्या बदल्यात नफ्यातला ठरावीक टक्का करारात लिहून दे. तो हप्ता आपण जमेत धरलेलाच नाही. करार वकिलाला दाखवा, आणि सहीचा लाख खात्यात जमा झाल्यावरच मालिकेला नोटीस द्या.