विंडोज सोडताना आधी प्रिंटर पाहा

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : लॅपटॉप २०१६ चा आहे. सहाव्या पिढीचा आय-५, ८ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क. विंडोज १० ची अपडेट बंद झाली आणि ११ साठी हे मशीन चालणार नाही असे दाखवते. लिनक्स मिंट टाकू का? घरचे फोटो आणि शाळेचे निकाल याच डिस्कवर आहेत.
— एक शिक्षिका, सातारा

टाका. लिनक्स मिंट ही विंडोजच्या जागी चालणारी मोफत कार्यप्रणाली आहे. विंडोज १० ची मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. पुढे वर्षभराची जादा मुदत मिळत होती, पण त्याने दुखणे फक्त लांबले.

मात्र मिंटच्या आधी डिस्क बदला. अशा लॅपटॉपचा वेग बहुतेक वेळा फिरत्या हार्ड डिस्कपाशी अडतो. त्याच डिस्कवर मिंट टाकले तर फरक पडेल, पण जीव सुखावणार नाही. अडीच इंची साटा एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) घ्या, २५६ जीबी पुरते. जुनी डिस्क काढून बाजूला ठेवा आणि नव्या एसएसडीवर मिंट टाका. यात वेगापेक्षा मोठा फायदा असा, की काही फसले तर जुनी डिस्क परत बसवायची आणि विंडोज होते तसे सुरू. फोटो नंतर जुनी डिस्क यूएसबी केसिंगमध्ये (डिस्क यूएसबीला जोडणारी डबी) घालून ओढून घेता येतात. निकालांची एक प्रत मात्र आजच पेनड्राइव्हवर घ्या. दहा वर्षांच्या डिस्कवर एकुलती एक प्रत ठेवू नये.

८ जीबी रॅमवर मिंट २२ ची सिनॅमन आवृत्ती आरामात चालते (४ जीबी असती तर एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्या म्हटले असते). मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळतील. मिंटची इन्स्टॉल फाइल सुमारे ३ जीबीची असते आणि पेनड्राइव्ह ८ जीबीचा लागतो; त्यातले सगळे पुसले जाते. डाउनलोड झाल्यावर शा-२५६ बेरीज (फाइल पूर्ण उतरली का हे सांगणारा आकडा) मिंटच्या साइटवरच्या आकड्याशी जुळवून पाहा. कंटाळवाणे काम आहे, पण इन्स्टॉल अर्ध्यात लटकते तेव्हा मागे बरेचदा अपुरी उतरलेली फाइल असते. रुफस या विंडोजवरच्या प्रोग्रॅमने पेनड्राइव्ह तयार करा आणि लॅपटॉप सुरू होताना बूट मेनूची (कशावरून सुरू व्हायचे ते निवडण्याची) कळ दाबा : डेल, लेनोव्होला एफ-१२, एचपीला एफ-९. एसरमध्ये एफ-१२ आधी बायोसमधून (मशीनच्या मूळ सेटिंगमधून) चालू करावी लागते.

मिंट पेनड्राइव्हवरून उघडले की लगेच इन्स्टॉलवर क्लिक करू नका. अर्धा तास नुसते वापरा. वाय-फाय, आवाज, कॅमेरा, उजेड कमीजास्त करणाऱ्या कळा तपासा. झाकण मिटून पाच मिनिटांनी उघडा आणि पडदा परत येतो का पाहा. प्रिंटर जोडून एक पान छापा. वाय-फाय दिसत नसेल तर मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा. मिंटला ते बहुधा लगेच नेटवर्क म्हणून ओळखते. इन्स्टॉल झाल्यावर त्याच नेटवर ‘ड्रायव्हर मॅनेजर’मधून वाय-फायचा ड्रायव्हर घ्या. सिक्युअर बूट (अनोळखी सॉफ्टवेअर सुरू होऊ न देणारी बायोसमधली सोय) चालू असेल तर त्या वेळी एक पासवर्ड ठेवायला सांगतात आणि रीस्टार्टला निळा पडदा येतो. तिथे ‘एनरोल मॉक’ निवडून तोच पासवर्ड द्यायचा. घाईत ‘कंटिन्यू’ दाबले तर ड्रायव्हर डिस्कवर असूनही लागत नाही, आणि माणूस लिनक्सला नावे ठेवत बसतो.

प्रश्न : कर सल्लागाराचे ऑफिस, चार संगणक. टॅली, डिजिटल सहीचे टोकन, एचपी एम-१००५ प्रिंटर. सगळेच लिनक्सवर न्यावे का?
— जळगाव

सगळे नको. टॅलीप्राइम विंडोजसाठीच आहे. वाइनवर (लिनक्समध्ये विंडोजचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) चालवण्याचे प्रयोग होतात, पण रिटर्नच्या शेवटच्या दिवशी अडकले तर दाद कोणाकडे मागणार? एका संगणकावर विंडोज ११ प्रो ठेवा. टॅली, सहीचे टोकन आणि मॅक्रो असलेल्या एक्सेल फाइली तिथेच राहू द्या. उरलेल्या तिघांवर मिंट घाला. गरज पडेल तेव्हा मिंटमधल्या रेमिना या प्रोग्रॅममधून रिमोट डेस्कटॉपने (दुसऱ्या संगणकाचा पडदा आपल्या संगणकावर उघडून) विंडोजवर जाता येते. अट एवढीच, की एका वेळी एकच जण. दुसरा शिरला की पहिला बाहेर.

एम-१००५ चालतो, पण नुसता जोडून नाही. एचपीलिप (लिनक्ससाठीचा एचपीचा प्रिंटर ड्रायव्हर) सोबत एचपीचे बंदिस्त प्लगइन लागते. एचपीलिपची आवृत्ती आणि प्लगइनची आवृत्ती एकच हवी. म्हणून काल छापणारा प्रिंटर मोठ्या अपडेटनंतर आज गप्प बसला, तर केबल बदलत बसू नका. प्लगइन पुन्हा टाका. लेसरजेट १०२० चेही असेच, वर तो बंद केला की आपले फर्मवेअर (प्रिंटरच्या आत चालणारे सॉफ्टवेअर) विसरतो आणि चालू केल्यावर ते दर वेळी पाठवावे लागते. ऑफिसात कॅनन एलबीपी २९०० असेल तर तो विंडोजच्या संगणकालाच लावून ठेवा. त्याच्या कॅप्ट ड्रायव्हरशी लिनक्सवर झुंजण्यात दिवस जातो.

प्रश्न : छोटे मुद्रणालय आहे. वीस वर्षांचा मजकूर श्री-लिपी आणि पेजमेकरमध्ये. लिनक्सवर तो उघडेल का? टायपिंगचे काय?
— कोल्हापूर

श्री-लिपी हे जुन्या फाँटवर चालणारे मराठी टायपिंगचे सॉफ्टवेअर, पेजमेकर पानमांडणीचे. या फाइलींमध्ये संगणकाच्या लेखी मराठी नाहीच. आत आहेत रोमन अक्षरांचे क्रमांक. फाँट त्यांच्या जागी देवनागरी तुकडे काढतो. फाँट लिनक्समध्ये टाकला तर मजकूर दिसू शकतो, पण टायपिंगचे सॉफ्टवेअर आणि त्याचे यूएसबी कुलूप विंडोजवरच चालते. तेव्हा विंडोज पुसण्यापूर्वी तिथेच मजकूर बाहेर काढा आणि कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत) बदला.

बदलल्यावर प्रूफ वाचावेच लागते, आणि चुका ठरलेल्या जागी सापडतात. जुन्या फाँटमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते. युनिकोडमध्ये ती संपूर्ण जोडाक्षरानंतर येते. ‘स्थिती’मध्ये कन्व्हर्टरने ती नुसत्या अर्ध्या ‘स्’पुढे सरकवली की शब्द फुटला. रफार नेमका उलटा : जुन्यात शेवटी, युनिकोडमध्ये आधी. ‘मूर्ती’, ‘वर्षी’, ‘कार्यकर्ते’ हे शब्द मुद्दाम शोधून तपासा. तिसरी भानगड डोळ्यांना दिसतच नाही. ‘दऱ्या’ हा शब्द दोन तऱ्हांनी साठवता येतो : एकदा नुक्त्याच्या (खाली टिंब असलेल्या) ‘ऱ’ने, एकदा साध्या ‘र’, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्हाने. कागदावर दोन्ही सारखेच उमटतात, पण शोध घेतला तर निम्मेच सापडतात. सगळीकडे नुक्त्याचा ‘ऱ’ करून टाका.

टायपिंगसाठी मिंटच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये मराठी इनस्क्रिप्ट आहे. ‘ऱ्य’ असा : शिफ्टसह जे, मग डी, मग तिरकी रेघ. ‘ळ’ शिफ्टसह एन. रेमिंग्टनची (जुन्या टाइपरायटरच्या कळफलकाची) सवय असलेल्यांनी आयबस आणि एम-१७-एन ही टायपिंगची सॉफ्टवेअर घ्यावीत. लिबरऑफिसमध्ये (मिंटमधले वर्ड-एक्सेलसारखे ऑफिस) ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ला मराठी लावा. तिथे देवनागरीचा फाँट आणि आकार इंग्रजीपासून वेगळे ठरतात, म्हणून इंग्रजी १४ केले तरी मराठी १२ च राहते. बिघाड नव्हे. पानमांडणीला पेजमेकरऐवजी स्क्रायबस हे सॉफ्टवेअर, पण १.६ किंवा पुढची आवृत्ती, १.४ मध्ये जोडाक्षरे तुटतात.

प्रश्न : विंडोज ११ शेजारी मिंट टाकले. आता विंडोजचे घड्याळ साडेपाच तास मागे आणि मिंटमधून डी ड्राइव्हवर काही लिहिता येत नाही. व्हायरस?
— एक विद्यार्थी, पणजी

नाही. मदरबोर्डच्या घड्याळात लिनक्स जागतिक वेळ ठेवते, विंडोज तीच स्थानिक समजते. भारताचा फरक साडेपाच तासांचा, तो तुम्हाला दिसतो आहे. मिंटच्या टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत) ‘timedatectl set-local-rtc 1’ ही आज्ञा चालवा.

डी ड्राइव्हचे कारण विंडोजचे फास्ट स्टार्टअप. ‘शट डाउन’ केले तरी विंडोज अर्धवट झोपलेले असते आणि ड्राइव्ह खुले ठेवते. लिनक्स धोका ओळखून फक्त वाचू देते. कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये ते बंद करा, मग पूर्ण शट डाउन करा. जबरदस्तीने लिहिण्याची युक्ती कोणी सांगितली तर करू नका, फाइली जातात.

आणि बायोसमध्ये हात घालण्याआधी बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) ४८ अंकी चावी कागदावर उतरवा. सिक्युअर बूट बदलले की विंडोज ती मागते, आणि ती मायक्रोसॉफ्ट खात्यात असली तरी खात्याचा पासवर्ड आठवायला हवा.